मुक्या जिवाची साक्ष

धरमतरच्या खाडीकाठी, खारबंदिस्तीच्या आतल्या भातशेतीवर आणि मिठागरांवर ज्यांची घरे उभी राहिली, त्यांना वाटणी नवी नाही. भाऊ वेगळे होतात तेव्हा शेत, गुरे, होडी आणि तांब्यापितळेची भांडी ह्यांचा हिशेब होतो. कुत्र्याचे नाव मात्र त्या हिशेबात सहसा येत नाही. कुत्रा हा घराचा, अंगणाचा. ज्याच्या उंबऱ्यावर त्याला भाकर मिळेल तिथला तो. त्यामुळे नवराबायको वेगळी झाल्यावर कुत्रा कोणी ठेवायचा, ह्यासाठी कोणी न्यायालयाची पायरी चढते असे ऐकले, की आपल्याकडची जुनी माणसे हसतात. पेण-रोह्याची मुले मुंबई-पुण्याच्या सदनिकांत संसार थाटू लागली, अंगण गेले, आणि कुत्रा घराचा न राहता माणसांचा झाला. माणसे दुभंगली की त्याने जायचे कुठे, हा प्रश्न त्यामुळे आता हसण्यावारी नेता येत नाही.

ह्या प्रश्नावर एका चित्रपटाने १९३७ सालीच बोट ठेवले होते. दिग्दर्शक लिओ मॅककेरी ह्यांचा ‘द ऑफुल ट्रुथ’ हा तो कृष्णधवल विनोदपट. मॅककेरी हे नाव कॅथलिक प्रेक्षकांना परके नाही. फादर ओमॅली ह्या धर्मगुरूची कथा सांगणारा ‘गोइंग माय वे’ (१९४४) त्यांचाच. दिग्दर्शनाचे ऑस्कर त्यांना त्या चित्रपटासाठी मिळाले, तसे त्याआधी ‘द ऑफुल ट्रुथ’साठीही मिळाले होते. घटस्फोटावरचा विनोदपट एका कॅथलिक दिग्दर्शकाने काढावा, ह्याचे नवल वाटेल. पण चित्रपट पाहिला की कळते, की हा घटस्फोटाचा नव्हे, तो टळण्याचा चित्रपट आहे.

कथा थोडक्यात अशी. जेरी (कॅरी ग्रँट) आणि ल्यूसी (आयरीन डन) हे सुखवस्तू, निपुत्रिक जोडपे. तो फ्लॉरिडाला गेलो होतो असे सांगून परततो, पण तो तिथे गेलेलाच नसतो. ती गाण्याच्या शिक्षकाबरोबर रात्र बाहेर काढून येते आणि मोटार बिघडल्याचे कारण देते. दोघांचाही एकमेकांवर विश्वास उरत नाही. न्यायालय घटस्फोट मंजूर करते, पण तो नव्वद दिवसांनी अंतिम व्हायचा असतो. बाकी कशावरून फारसे भांडण नाही. भांडण आहे ते ‘मिस्टर स्मिथ’ नावाच्या कुत्र्यावरून.

न्यायाधीश तोडगा काढतात. दोघांनी कुत्र्याला हाक मारावी. तो ज्याच्याकडे जाईल त्याचा. दोघेही जीव तोडून हाका मारतात. कुत्रा गोंधळतो. मग ल्यूसी हातात लपवलेले त्याचे आवडते खेळणे हळूच त्याला दाखवते आणि तो तिच्याकडे धावतो. न्यायालयाच्या लेखी निवड कुत्र्याने केलेली असते. प्रेक्षकांना ठाऊक असते, की निवड खेळण्याने केली.

हा प्रसंग पाहताना शलमोन राजाच्या न्यायाची आठवण आपल्या वाचकांना झाल्यावाचून राहणार नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकात दोन स्त्रिया एका बाळावर हक्क सांगतात, आणि बाळ जिवंत राहावे म्हणून जी हक्क सोडते तीच खरी आई ठरते. मॅककेरी ह्यांनी ती कथा उलटी केली आहे. इथे हक्क कोणीच सोडत नाही, आणि जी फसवते ती जिंकते. पण एवढ्यावर थांबलो तर दिग्दर्शकावर अन्याय होईल. ल्यूसीची लबाडी द्वेषातून आलेली नाही. कुत्रा गेला, तर जेरीशी असलेला शेवटचा धागाही तुटेल, हे तिला उमगलेले आहे. जेरीही कुत्र्याला भेटण्याचा हक्क मागून घेतो आणि त्या निमित्ताने तिच्या घरी येत राहतो. तो पियानो वाजवतो, कुत्रा सुरात सूर मिसळून भुंकतो, आणि मोडलेल्या घरात घटकाभर पुन्हा घर नांदते.

चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग मला टोपीचा वाटतो. गाण्याच्या शिक्षकाची टोपी ल्यूसी जेरीपासून लपवू पाहते, आणि मिस्टर स्मिथ खेळ समजून ती पुन्हा पुन्हा शोधून आणतो. सगळे खोटे बोलत असताना खोटे बोलू न शकणारा तो एकटाच जीव. पण गंमत अशी, की त्याने आणलेला पुरावा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. ल्यूसीने काही पाप केल्याचे चित्रपट कुठेही दाखवत नाही. संसारात पुरावे गोळा करू लागलो की सत्य सापडतेच असे नाही. ते विश्वासानेच सापडते. चित्रपटाच्या नावातले ‘भयंकर सत्य’ हेच असावे.

तरीही ह्या कलाकृतीत एक उणीव आहे. मिस्टर स्मिथला खायला कोण घालतो, आजारी पडला तर कोण नेतो, हे चित्रपट कधीच विचारत नाही. पैशाची ददात नसलेल्या घरातला तो कुत्रा. त्याचे पोट हा प्रश्नच नाही. प्रत्यक्ष जीवनात प्रश्न तिथूनच सुरू होतो.

ह्याचे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. २०२३ साली वांद्रे येथील महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली एका विभक्त पत्नीचे प्रकरण आले. तिच्यावर तीन रॉटवायलर कुत्री अवलंबून होती. कुत्र्यांचा खर्च पोटगीत धरू नये असा पतीचा आक्षेप. न्यायालयाने तो मानला नाही. पाळीव प्राणी हे सभ्य जीवनमानाचाच भाग आहेत, आणि तुटलेल्या नात्यांमुळे आलेली भावनिक पोकळी ते भरून काढतात, अशा आशयाचे मत नोंदवून दरमहा ५०,००० रुपयांची अंतरिम पोटगी मंजूर झाली.

ह्या आदेशाचे मोल असे, की कुत्री कोणाच्या मालकीची ह्यापेक्षा ती कोणाच्या आधाराने जगतात, हे त्याने पाहिले. भारतीय कायद्यात पाळीव प्राणी अजून मालमत्तेतच मोडतो; तो कोणी ठेवावा हे ठरवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून घटस्फोटाच्या वेळी प्राण्याची देखभाल न्यायालयाला विचारात घेता येते. स्पेनमध्ये २०२२ पासून प्राणी ही वस्तू नसून संवेदनाशील जीव आहे असे कायदाच मानतो, आणि त्याचे हित पाहूनच तो कोणाकडे राहावा हे ठरते. मिस्टर स्मिथच्या न्यायाधीशांपेक्षा ही वाट नक्कीच शहाणपणाची.

पोकळी भरून काढण्याच्या विचाराशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. कुत्रा दुःखात सोबत करतो, हे खरे. पण माणसाच्या जागी त्याला बसवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. जे ओझे नवऱ्याने किंवा बायकोने वाहायचे, ते त्या मुक्या जिवाच्या पाठीवर का द्यावे? ख्रिस्तसभेची शिकवणही दोन्ही अंगांनी सांगते: प्राणी ही देवाची निर्मिती, त्यांच्याशी दयेने वागा, पण माणसाला द्यायचे प्रेम त्यांच्याकडे वळवू नका.

आपल्या धर्मग्रामांत घटस्फोटाचा उच्चार कमी होत असेल. विवाहबंधन कायम ठेवून वेगळे राहणारी जोडपी मात्र आहेत, आणि त्यांच्या घरांतही मुले, म्हातारी माणसे आणि एखादा कुत्रा असतो. अशा वेळी सासरमाहेरच्या वडीलधाऱ्यांनी ‘कोणाचा?’ असे न विचारता ‘कोण सांभाळील?’ असे विचारावे. रोज फिरवायला वेळ कोणाला आहे, जागा कोणाकडे आहे, खर्च कोण उचलील, आणि मुले जिथे राहणार तिथून त्यांचा सवंगडी तोडला जात नाही ना? ज्याला हे जमणार नाही त्याने हक्क सोडावा. शलमोनाच्या दरबारात त्या आईने हेच केले, आणि तीच आई ठरली.

तोबितच्या पुस्तकात तोबिया देवदूताबरोबर दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा कुत्रा त्यांच्यामागे निघतो, आणि परतताना त्यांच्याबरोबर घरी येतो. त्याच्याविषयी पुस्तक ह्याहून फारसे काही सांगत नाही. गेलेल्यांबरोबर जाणे आणि घराकडे परतणे, एवढेच त्याचे काम. मॅककेरी ह्यांचा मिस्टर स्मिथ त्याच जातीचा आहे. जेरी आणि ल्यूसी नव्वदाव्या दिवशी, मध्यरात्रीचे ठोके पडण्याआधी पुन्हा एकत्र येतात. तोवर त्यांच्यामधली वाट त्यानेच रुळलेली ठेवली. सुमारे दीड तासाचा हा चित्रपट घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा. हसून झाल्यावर आपल्या घरात अशी वाट कोण राखतो आहे, ह्याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.