गुळगुळीत चेहऱ्यांचा काळ

निवृत्तीच्या निरोप समारंभात, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, मंडळाच्या अध्यक्षांच्या सत्कारात हल्ली शाल-श्रीफळाबरोबर एक फ्रेम हमखास असते. माणसाच्या फोटोवरून केलेलं ‘डिजिटल पेंटिंग’. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, आगाऊ पैसे भरायचे, दोन-चार दिवसांत बारा बाय अठराची फ्रेम घरपोच. तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सवाल्याकडेही आता हे काम होतं. चित्रातल्या माणसाची त्वचा एकदम गुळगुळीत, डोळ्यांत वाजवीपेक्षा जास्त चमक, केसांची बट अन् बट सुटी, पाठीमागे निळ्या-नारिंगी रंगाचे फटकारे. निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या हातांनी केलेल्या अशा फ्रेमा शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्या एकाच माणसाने केल्यात असं वाटतं. त्याहून वाईट म्हणजे चित्रांतली माणसंही एकमेकांची भावंडं वाटू लागतात.

या कामाला मी कमी लेखत नाही. चित्रकलेचा वर्ग ज्यांच्या वाट्याला कधी आला नाही, अशा कितीतरी मुलांनी डीटीपीची कामं करता करता फोटोशॉप आत्मसात केलं आणि वाड्यांत, दिवाणखान्यांत टांगलं जाणारं पोर्ट्रेट साध्या घराच्या भिंतीवर आणलं. हे मोठं काम आहे. म्हणूनच त्याच्याकडे कला म्हणून पाहायला हवं, आणि तसं पाहिलं की अस्वस्थ व्हायला होतं. चेहरा रंगवणाऱ्याने जे निर्णय घ्यायचे असतात, ते या चित्रांत सापडत नाहीत.

हे काम होतं कसं ते जवळून बघू. या शैलीचं मुख्य हत्यार म्हणजे स्मज टूल. ते स्वतःचा रंग लावत नाही, फोटोत आहे तोच रंग पुढे ढकलतं. कारागीर फोटोची दुसरी लेयर घेतो, झूम करतो आणि कपाळ, गाल, नाकाची बाजू असा एकेक भाग त्या त्या गोलाईच्या दिशेने ओढत जातो. त्वचेची छिद्रं, देवीचे वण, दाढीची खुंटं विरघळून जातात. मग नव्या लेयरवर दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने केस, भुवया, पापण्या. शेवटी नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठावर आणि बुबुळात पांढरा ठिपका. हात बसलेला माणूस एका बैठकीत चेहरा उरकतो.

गुळगुळीतपणाची ही आवड नुसत्या अभिरुचीतून आलेली नाही. गिऱ्हाईक पाठवतं तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपने आधीच चेपलेला असतो. मोठा करायला गेलं की चेहऱ्यावर चौकोनी ठोकळे दिसू लागतात. ते ठोकळे झाकायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे सगळं पुसून सपाट करणं. फोटोची गरिबी लपवायला केलेली ही सोय पुढे शैली म्हणून रूढ झाली आणि गिऱ्हाईक तीच मागू लागलं.

प्रकाशाचंही तेच. पोर्ट्रेट करणारा चित्रकार माणसाला खिडकीशी बसवतो, चेहऱ्याची एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत ठेवतो, म्हणजे नाकाचा उंचवटा, गालफडं, हनुवटी यांना घडण येते. इथे मूळ फोटो ट्यूबलाइटखाली, हातभर अंतरावरून, मोबाइलच्या रुंद भिंगाने काढलेला. त्यात नाक मोठं होतं, कान मागे जातात, सावल्या जवळपास नसतातच. फोटोवर काम करणाऱ्याला हे सगळं वारशाने मिळतं आणि तो ते निमूटपणे गिरवतो. या शैलीबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार कडांची आहे. चांगल्या पोर्ट्रेटमध्ये एखादी कड धारदार असते, शेजारची पार्श्वभूमीत हरवून जाते. बघणाऱ्याची नजर कुठे थांबवायची आणि कुठून पुढे न्यायची, हे चित्रकार त्यातून ठरवतो. स्मज केलेल्या चित्रात कानाच्या पाळीची कड आणि पापणीची कड सारख्याच धारेची असते. सदऱ्याचं बटणसुद्धा डोळ्याइतकंच स्पष्ट असतं.

संगणकावर फोटोचं चित्र करायची खटपट सुरू झाली तेव्हा निर्णय माणसाकडेच होता, हे आज आठवायला हवं. टॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आलं. त्याच वर्षी सिलिकॉन ग्राफिक्समधल्या पॉल हेबर्ली यांनी सिग्राफ परिषदेत एक पद्धत मांडली. मूळ फोटो नजरेआड ठेवायचा, कोऱ्या कॅनव्हासवर माउस फिरवायचा, त्या जागी फोटोत जो रंग असेल तो ब्रशच्या फटकाऱ्याला मिळेल. रंग यंत्र देणार, पण फटकारा कुठे, किती मोठा, कोणत्या दिशेने, हे माणूस ठरवणार. पुढच्या संशोधनाचा ओघ मात्र हे ठरवणंही यंत्राकडे सोपवण्याकडे वळला. फोटोशॉपमध्ये वॉटरकलर, ड्राय ब्रश असे तयार फिल्टर आले, २०१२ च्या सीएस-६ मध्ये ऑइल पेंट आला. २०१५ मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठातल्या गॅटिस, एकर आणि बेथगे या तिघांनी न्यूरल नेटवर्क वापरून एका चित्राची शैली दुसऱ्या फोटोवर चढवून दाखवली. वर्षभरातच प्रिझ्मा नावाच्या अ‍ॅपने ती किमया प्रत्येकाच्या खिशात पोहोचवली. या सगळ्या प्रवासात प्रतिमा देखण्या होत गेल्या. पण गाल कोणता आणि भिंत कोणती याची फिकीर फिल्टरला नव्हती, तो सगळीकडे एकसारखाच फिरत राहिला.

आपल्याकडे फोटोवर रंग चढवायची परंपरा संगणकाच्या फार आधीची. एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांच्या दरबारांत कृष्णधवल फोटोंवर जलरंग आणि अपारदर्शक रंग लावले जात. कित्येकदा रंग इतके जाड असत की खालचा फोटो फक्त चेहऱ्यापुरता उरे. दागिने, जरीकाठ, गालिचा सगळा कुंचल्याचा. चेहरा कॅमेऱ्याचा आणि वैभव चित्रकाराचं, अशी ती सरळ वाटणी होती. उदयपूरचे राजेश सोनी ही परंपरा आजही चालवतात. त्यांचे आजोबा मेवाडच्या दरबारात फोटो रंगवत. मूळ अमेरिकेचे छायाचित्रकार वास्वो एक्स. वास्वो उदयपूरच्या स्टुडिओत डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढतात, त्याची प्रिंट काढली जाते आणि राजेश सोनी ती हाताने रंगवतात. संगणकाकडून हाताकडे असा हा उलटा प्रवास आहे, आणि रंग कुठे लावायचा नाही याचं भान त्यात स्पष्ट दिसतं.

मराठी घरांत गुळगुळीत चेहऱ्याची गोडी लावली ती कॅलेंडरांनी आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी. रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवता आणि नायिका स्प्रेच्या मऊ छटांतून उमटत. आजच्या स्मज पोर्ट्रेटचं नातं मला त्यांच्याशी लागलेलं दिसतं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की मुळगावकरांचं रेखाटन पक्कं होतं. गालावर स्प्रे कुठवर जाऊ द्यायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यात रेघ कुठे कडक ठेवायची, हे त्यांनी ठरवलेलं असे. त्यांचा मऊपणा घेतला गेला, त्याखालचा सांगाडा मागेच राहिला.

निर्णय घेऊन केलेलं काम या माध्यमात झालेलंच नाही असं नाही. इंडोनेशियातले वेधा अब्दुल रशीद नियतकालिकांसाठी चित्रं काढत. चाळिशीच्या सुमारास नजर अधू होऊ लागली, बारीक छटांचे वास्तवदर्शी चेहरे रंगवणं जड जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी चेहरा सरळ रेषांच्या तुकड्यांत मोडायला सुरुवात केली. वक्ररेषा एकही नाही, त्वचेचा रंग नाही, जांभळा-पिवळा-गुलाबी असे भडक सपाट तुकडे. तरी माणूस लगेच ओळखू येतो, कारण डोळे-नाक-ओठांची मापं फोटोबरहुकूम ठेवलेली असतात. डब्ल्यूपीएपी या नावाने ही शैली पुढे जगभर पसरली, आपल्याकडेही तिच्या ऑर्डरी घेतल्या जातात. शेपर्ड फेअरी यांचं २००८ चं ओबामांचं ‘होप’ पोस्टर तर सगळ्यांना माहीत आहे. एका वृत्तछायाचित्रातल्या सगळ्या छटा लाल, निळा आणि साय-पिवळा अशा मोजक्या सपाट रंगांत बसवताना सावलीची सीमा नेमकी कुठे पाडायची, यात त्या पोस्टरचा सगळा जोर आहे. पोलंडचे आंद्झेय द्रागान हे पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती खणून वर काढली. त्यांच्या नावाचा ‘इफेक्ट’ आता एका क्लिकवर मिळतो, आणि दहावीतल्या मुलालाही ऐंशीचा करून सोडतो.

पण कोणा एकाचं नाव घ्यायचं झालं तर मी विवान सुंदरम यांचं घेईन. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग हौशी छायाचित्रकार होते. स्वतःचे, पत्नीचे, अमृता आणि इंदिरा या मुलींचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले. इंदिरेचा मुलगा विवान. २००१-०२ मध्ये त्याने आजोबांच्या फोटोंवर संगणकावर काम करून ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. त्यात निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या शहरांत काढलेले फोटो एका चौकटीत येतात. आरसे, अमृताची चित्रं आणि घरची माणसं आपापल्या काळातून निघून एका खोलीत बसतात. बाप मुलीकडे कसं पाहत होता, मुलगी कॅमेऱ्यासमोर स्वतःला कसं मांडत होती, मावशी गेल्यानंतर जन्मलेला भाचा या घराकडे कसं पाहतो, हे सगळं त्या जोडकामातून उलगडतं. कृष्णधवल छटा इतक्या काळजीने जुळवल्या आहेत की जोड पहिल्या नजरेला कळत नाही. कळतो तेव्हा त्या घरातली प्रीती आणि ताण दोन्ही अंगावर येतात. एकही चेहरा ‘सुंदर’ केलेला नाही. या मालिकेला वीसहून अधिक वर्षं झाली. तेव्हाच्या तुलनेत कितीतरी ताकदीचं सॉफ्टवेअर आज प्रत्येक फ्लेक्सच्या दुकानात आहे, आणि त्या तोडीचं काम मला शोधावं लागतं.

एआयबद्दल मी थोडंच लिहितो, कारण त्यावर बोलणं भरपूर झालं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये अख्खा देश जपानी अ‍ॅनिमेशनच्या शैलीत आपापले फोटो करून घेत होता. सप्टेंबरमध्ये जेमिनीवर शिफॉनच्या साडीतल्या, जुन्या हिंदी सिनेमाच्या उजेडातल्या तरुणींची लाट आली. या चित्रांत शैली आधी येते, माणूस मागून. मैत्रिणीने मैत्रिणीला ओळखावं इतपत साम्य राहतं. पण हसताना एकाच गालावर पडणारी खळी, किंचित खाली असलेला उजवा डोळा, असं जे त्या एकीचंच असतं, ते बहुधा सफाईत निघून जातं.

मूळ फोटोवर हक्क कोणाचा, हाही प्रश्न आपण टाळत आलो आहोत. अँडी वॉरहॉल यांनी गायक प्रिन्सचं चित्र लिन गोल्डस्मिथ यांच्या १९८१ च्या फोटोवरून केलं होतं. त्या चित्राच्या मासिकातल्या वापराबद्दल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. कायद्याचं काहीही असो, फ्रेमच्या कोपऱ्यात सॉफ्टवेअर चालवणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर असतो, फोटो काढणाऱ्याचं नाव नसतं. ते असायला हवं.

आणि एक जागा अशी आहे जिथे या कलेची खरी परीक्षा होते. घरातलं माणूस जातं आणि लक्षात येतं की त्याचा धड फोटोच नाही. असतो तो आधार कार्डावरचा, नाहीतर कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला. त्यावरून दहाव्या-तेराव्यापर्यंत भिंतीवर लावण्याजोगा फोटो करून द्यायचा असतो. अंगात कोट घालायचा, डोक्यावर टोपी किंवा फेटा, पाठीमागे फिकट आकाशी रंग. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा गावच्या स्टुडिओंचा अभ्यास केला. ‘कॅमेरा इंडिका’ हे त्यांचं पुस्तक १९९७ चं. अशी जोडकामं तिथे संगणकाशिवायही होत होती. म्हणजे हे काम जुनं आहे आणि लोकांच्या गरजेतून आलेलं आहे.

इथे आता चेहरा स्पष्ट करणारी एआय अ‍ॅप सर्रास वापरली जातात, आणि इथेच ती सर्वांत धोक्याची आहेत. मागच्या रांगेतला चेहरा मोजक्या पिक्सेलचा. त्यात नसलेली माहिती अ‍ॅप कुठून आणणार? ते शिकलेल्या हजारो चेहऱ्यांवरून डोळे, दात, ओठ बनवून देतं. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या अशाच एका प्रणालीला ओबामांचा पुसट केलेला फोटो दिला गेला, तेव्हा तिने गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला होता. बार्शी-लातूरकडच्या शेतकऱ्याचा चेहरा अशा यंत्रातून जातो तेव्हाही तेच होतं, फक्त त्याची बातमी होत नाही. मुलगा म्हणतो, छान झालाय. बायको फोटोकडे बघत राहते आणि म्हणते, हे हे नाहीत.

चांगला कारागीर अशा वेळी अ‍ॅप बंद ठेवतो. घरच्यांकडून आणखी फोटो मागवतो, पुसट का असेनात, शाळेच्या दाखल्यावरचा, बँकेच्या पासबुकावरचा, मतदार ओळखपत्रावरचा. भांग कोणत्या बाजूला पाडत होते, मिशी कशी कापत होते, चष्मा कायम होता की वाचतानाच, हे विचारतो. जे फोटोत दिसत नाही ते बनवून घालण्याऐवजी सावलीत जाऊ देतो, आणि जे नक्की आहे, बहुधा भुवईची ठेवण आणि ओठांची रेघ, तेवढ्यावर जीव ओतून काम करतो. कपाळावरचा वण ठेवायचा का, हे बायकोला विचारल्याशिवाय तो पुसत नाही. कडा कुठे हरवायच्या आणि कुठे राखायच्या याचं जे शिक्षण मी वर मागत होतो, ते या माणसाने कोणत्याही वर्गात न जाता मिळवलेलं असतं. त्याच्या कामाची प्रदर्शनं भरत नाहीत, त्यावर कोणी लिहीत नाही. बिल मात्र त्याचंही स्मज करून देणाऱ्यासारखंच होतं, फ्रेम किती बाय कितीची आहे त्यावर.