हात घाईचा, चेंडू सबुरीचा

दिल्ली गेट मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की फिरोजशाह कोटला मैदान चालत गाठता येतं. तीच जांभळी लाइन दक्षिणेला शेवटपर्यंत धरली, तर बल्लभगड येतं. मोहित शर्मा तिथला. अखेरच्या षटकांत संथ चेंडू कसा टाकावा, हे ज्याच्याकडे पाहून कळतं अशा मोजक्या गोलंदाजांपैकी एक.

त्याची गोलंदाजी पाहताना चेंडूचा नाद सोडावा, नजर हातावर ठेवावी. धाव तीच, उडी तीच, खांदा तितक्याच जोरात फिरतो. फरक पडतो तो अगदी शेवटी, मनगटात. चेंडू सुटताना तळव्याऐवजी हाताची मागची बाजू फलंदाजाकडे वळते आणि चेंडू बोटांवरून निसटतो. हाताचा बराचसा जोर फिरकीत खर्ची पडतो, वेगाच्या वाट्याला थोडाच उरतो. नवखा गोलंदाज इथे स्वतःच मंदावतो. त्याचा खांदाच चुगली करतो. मोहितचा हात मात्र अगदी साळसूदपणे शेवटपर्यंत खोटं बोलतो.

या खोट्याची किंमत ढोबळ हिशेबानं काढता येते. ताशी 135 किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. तोच 110 नं आला, तर बॅट फिरते त्या क्षणी तो अजून तीनेक मीटर मागेच असतो. मुरलेला गवई सम अर्धी मात्रा लांबवतो आणि श्रोत्याची टाळी आधीच पडते, तसं काहीसं. फसतो तो लयीत पक्का असलेलाच.

दुसरी खुबी उंचीची. हा चेंडू हातातून सुटतो तो वरच्या दिशेनं. फुलटॉस मिळणार म्हणून फलंदाजाचे डोळे लकाकतात, आणि तेवढ्यात चेंडू मान टाकल्यासारखा खाली बसतो. वेगात चूक झाली तर सावरता येईल. वेग आणि उंची दोन्ही एकदम चुकल्यावर बॅटला फक्त हवा लागते, नाहीतर कड.

याच राजधानी परिसरातल्या मेरठच्या भुवनेश्वर कुमारची तऱ्हा निराळी. त्याचा नकल बॉल बोटांची पेरं दुमडून धरलेला असतो, हवेत जवळजवळ फिरतच नाही. मोहितचा चेंडू फिरून फसवतो, हा न फिरता. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं 2011 च्या विश्वचषकात हेच अस्त्र वापरलं होतं. त्या स्पर्धेत त्याचे बळी 21. जातकुळी एक, घराणी दोन.

मात्र नुसता चेंडू म्हणजे कला नव्हे. तो कधी टाकायचा नाही, हेही कळावं लागतं. खो-खोत प्रत्येक पावलाला हूल दिली, तर ती हूल राहत नाही. संथ चेंडूचा धाक यॉर्करला धार देतो, यॉर्करचा धाक संथ चेंडूला. 22 एप्रिल 2023 ला लखनौत आयपीएलच्या सामन्यात मोहितला शेवटच्या षटकात 12 धावा राखायच्या होत्या. दुसऱ्या चेंडूवर लखनौचा जम बसलेला राहुल झेल देऊन गेला, तिसऱ्यावर स्टॉयनिस, पुढच्या दोन्हींवर धावबाद. गुजरात टायटन्स सात धावांनी जिंकले. आदल्या हंगामात मोहित याच संघाचा नेट बोलर होता. 2023 च्या हंगामात त्यानं 27 बळी घेतले. त्यातले पाच अहमदाबादला मुंबईविरुद्ध, 14 चेंडूंत 10 धावा देऊन.

आणि मग कोटला, 24 एप्रिल 2024. घरापासून मेट्रोच्या अंतरावरच्या या मैदानात त्याच मोहितच्या चार षटकांत 73 धावा निघाल्या, बळी शून्य. आयपीएलमधला तोवरचा सर्वात महागडा मारा. शेवटच्या एका षटकात 31 धावा झाल्या, समोर दिल्ली कॅपिटल्सचा ऋषभ पंत. रसिकानं हा दिवस वगळू नये. वेगवान चेंडू चुकला तरी वेग त्याला थोडंफार झाकतो. ओळखलेल्या संथ चेंडूला झाकायला काहीच नसतं. फलंदाजानं श्वासभर वाट पाहिली की खेळ संपला. हे ठाऊक असूनही पुढच्या वेळी खांदा तितकाच जोरात फिरवायचा, यातच या कलेची मर्दुमकी आहे.

पारखी लोकांनी तो आकडा पाहिला आणि त्यामागचा हातही. त्याच वर्षाअखेरच्या लिलावात मोहितला संघात घेतलं ते दिल्ली कॅपिटल्सनं.