शोकांतिकेतील कासिद

ग्रीक शोकांतिकेविषयी मराठीत जे काही लिहिले जाते ते बहुतेक राजाभोवती फिरते. पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लिसचे नाटक मराठीत आणले (१९७९), त्याचे नावही 'राजा ओयदिपौस'. नाव मुळाला धरूनच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण राजाचे दैव उलटते ते कोणाच्या तोंडून? एका म्हाताऱ्या निरोप्याच्या आणि एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या. नाटककाराने दोघांना नावही दिलेले नाही.

निरोप्या कोरिंथहून येतो. उर्दू गझलेतला कासिद तो हाच; फक्त गझलेतला कासिद पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो आणि हा नको तेवढे घेऊन येतो. राजा पॉलिबस वारला, आता गादी तुमची, ही खबर देऊन बक्षिसी मिळवावी एवढाच त्याचा हेतू. ओयदिपौसची भीती जावी म्हणून तो सांगून टाकतो, पॉलिबस तुमचा बाप नव्हताच. घोटे टोचलेले ते तान्हे मूल मीच एका मेंढपाळाकडून घेतले होते. दिलासा द्यायला गेला आणि घर बुडाले. अ‍ॅरिस्टॉटलने कलाटणीचे उदाहरण म्हणून हाच प्रसंग निवडला. त्याचे काव्यशास्त्र दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ता यांनी सुर्यानीवरून अरबीत आणले, बाराव्या शतकात इब्न रुश्द यांनी त्यावर भाष्य केले. त्यांच्यासमोर तशी रंगभूमी नव्हती. म्हणून ट्रॅजेडी म्हणजे मदह आणि कॉमेडी म्हणजे हज्व, असा अर्थ लावला गेला. कसीदा वाचलेल्या माणसाला यात हसण्यासारखे वाटणार नाही. पण स्तुती-निंदेच्या त्या मापात निनावी निरोप्या कसा बसावा?

मेंढपाळाची गोष्ट याहून कठीण. लायसवरच्या हल्ल्यातून तो एकटाच वाचला. ओयदिपौसला गादीवर पाहिले आणि राणीकडे विनवणी करून दूर रानात निघून गेला. त्याला ओढून आणतात तेव्हा तो बोलत नाही; राजा त्याचे हात पाठीमागे पिरगळण्याचा हुकूम देतो. मग जे निघते ते असे, की मूल मारायला दिले होते आणि याने रहम खाऊन ते दुसऱ्याच्या ओटीत घातले. आमच्या मते नाटकातला सर्वांत जीवघेणा मुद्दा भविष्यवाणीचा नाही, हा आहे.

आणि ही भूमिका ग्रीकांनी किरकोळ नटाला दिली नव्हती. त्यांच्याकडे बोलणारे नट तीनच, मुखवटे बदलून सर्व पात्रे करणारे. या प्रवेशात ओयदिपौस, निरोप्या आणि मेंढपाळ तिघेही बोलतात. म्हणजे जे दोन नट थोड्या वेळापूर्वी राणी, क्रेऑन, आंधळा तायरेसियस झाले होते, तेच आता या दोन म्हाताऱ्यांच्या मुखवट्यांत उभे असतात.

आमच्याकडे मात्र उलट. पडेगावच्या वस्तीतली उर्दू माध्यमाची मुले मराठी नाट्यस्पर्धेत उतरली की 'ळ' आणि दोन तऱ्हेचे 'च' यांवर अडतात, आणि त्यांच्या हाती भाला देऊन दारात उभे केले जाते. परीक्षकही त्यांच्याकडे पाहत नाहीत. पुण्यात १९२५ साली जन्मलेल्या इब्राहीम अल्काझींनी ग्रीक शोकांतिका आपल्या देशाच्या रंगमंचावर उभ्या केल्या, हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्यांच्या 'ईडिपस'मध्ये मेंढपाळ कोणी केला होता, हे मात्र आमच्यापैकी कोणी विचारत नाही.

अडखळत, टाळत, जिभेवर ओझे घेऊन बोलणारा माणूस हवा असेल तर ही मुले तयार आहेत. 'ळ' न येणे तेथे आड येत नाही. कठीण आहे ते पुढचे. शेवटचे वाक्य बोलून झाल्यावर मेंढपाळाला सोफोक्लिसने एकही शब्द दिलेला नाही. राजा आक्रोश करीत आत जातो. म्हातारा त्या वेळी कोणाकडे पाहतो, हे नटाने ठरवायचे.