‘कसा आहे सिनेमा?’ : सामान्य प्रेक्षकाचा तोंडी अभिप्राय आणि चित्रपट समीक्षा

प्रस्तावना

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘कसा आहे सिनेमा?’ हा असतो. त्याचे उत्तर चहाच्या टपरीवर, एस. टी. च्या प्रवासात, महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये किंवा घरी जेवताना दोन-चार वाक्यांत दिले जाते. चित्रपट व्यवसायात या उत्तरांच्या एकत्रित परिणामास ‘माऊथ पब्लिसिटी’ म्हणतात. वितरक त्याचा विचार गल्ल्याच्या दृष्टीने करतो, तर समीक्षक बहुधा करीतच नाही. मराठीत चित्रपटाविषयीचे लेखन विपुल झाले आहे. तथापि सामान्य प्रेक्षक जे बोलतो त्याकडे समीक्षेचा एक प्रकार म्हणून पाहण्याचा प्रयत्न क्वचितच झालेला दिसतो. ‘लोकांना काय कळते’ ही उपेक्षेची भूमिका किंवा ‘लोकांना आवडले म्हणजे चांगलेच’ ही शरणागतीची भूमिका, अशा दोन टोकांमध्ये हा विषय अडकून पडला आहे. प्रस्तुत लेखात या तोंडी अभिप्रायाचे स्वरूप, त्याचे निकष, त्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा यांचा काही मराठी व हिंदी चित्रपटांच्या आधारे विचार केला आहे. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या विचाराचे महत्त्व काय, याचाही शेवटी निर्देश केला आहे.

तोंडी अभिप्रायाचे स्वरूप

सामान्य प्रेक्षकाच्या अभिप्रायात साधारणपणे तीन घटक आढळतात : निर्णय, कारण आणि सल्ला. ‘मस्त आहे’, ‘बोअर आहे’, ‘ठीक आहे’ हा निर्णय होय. ‘इंटरव्हलनंतर पडतो’, ‘तिचे काम फार छान’, ‘गाणी उगीच घातली आहेत’ हे कारण होय. ‘तू बघच’, ‘पोरांना घेऊन जाऊ नको’, ‘ओटीटीवर आला की बघ’ हा सल्ला होय. यांपैकी पहिले दोन घटक छापील परीक्षणातही असतात. तिसरा घटक मात्र तोंडी अभिप्रायाचे खास वैशिष्ट्य आहे.

वृत्तपत्रातील परीक्षक अनोळखी वाचकसमूहाला उद्देशून लिहितो. तोंडी मत देणाऱ्यासमोर मात्र ओळखीचा माणूस असतो. त्याची आवड, त्याचा खिसा, त्याच्या घरातील वातावरण हे सर्व बोलणाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे एकच व्यक्ती एकाच चित्रपटाविषयी मित्राला एक आणि मावशीला दुसरे सांगते. यात अप्रामाणिकपणा नसून श्रोत्याचा विचार असतो. शिवाय या मताला जबाबदारी असते. सल्ला चुकला तर दुसऱ्या दिवशी ‘तुझ्या नादाने पैसे फुकट गेले’ असे तोंडावर ऐकावे लागते. छापील परीक्षकाला असा जाब क्वचितच द्यावा लागतो. ‘पैसा वसूल’ हा शब्दप्रयोग याच पार्श्वभूमीवर समजून घेणे आवश्यक आहे. तो केवळ करमणुकीचा निकष नाही. ज्याच्या दृष्टीने चार जणांचे तिकीट ही महिन्याच्या खर्चातील दखलपात्र बाब असते, त्याचा तो हिशेब आहे.

तोंडी अभिप्रायाचा दुसरा एक प्रकार म्हणजे ‘स्टोरी सांगणे’. चित्रपटगृह दूर असलेल्या गावांत जत्रेतील तंबूत किंवा तालुक्याच्या ठिकाणी सिनेमा पाहून आलेली व्यक्ती तो इतरांना सांगत असे. कोणता प्रसंग रंगवायचा, कोणता गाळायचा, कोणता संवाद हुबेहूब म्हणून दाखवायचा, ही निवड तिची असते. ही निवड हेच मूल्यमापन होय. सांगताना जो प्रसंग गळतो तो सांगणाऱ्याच्या दृष्टीने चित्रपटातही अनावश्यकच असतो.

प्राचीन नाट्यविचारातील प्रेक्षक

प्रेक्षकाच्या प्रतिसादाला गंभीरपणे घेण्याची परंपरा भारतीय विचारात नवी नाही. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त प्रयोगाच्या यशाला ‘सिद्धी’ म्हटले आहे. मानुषी सिद्धीत स्मित, हास्य, ‘साधु’ किंवा ‘अहो’ असे उद्गार, रोमांच, जागेवरून उठणे, वस्त्रे वा अंगठ्या उधळणे यांचा समावेश होतो. दैविकी सिद्धीत गोंगाट व गडबड नसलेल्या, पूर्ण भरलेल्या प्रेक्षागृहाचा उल्लेख येतो. पिटातल्या प्रेक्षकाची शिट्टी आणि पडद्यावर उधळलेली नाणी यांना ग्राम्य ठरविणाऱ्यांनी ही यादी आवर्जून पाहावी.

याच विवेचनात आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टी आढळतात. पहिली अशी की, आदर्श प्रेक्षकाचे गुण सांगून झाल्यावर ते सर्व एकाच व्यक्तीत आढळणार नाहीत, हेही तेथे मान्य केले आहे. वय आणि स्वभाव यांनुसार आवड बदलते, असेही म्हटले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे वाद उद्भवल्यास निर्णय देणाऱ्या ‘प्राश्निकां’ची यादी. तीत वैयाकरण व छंदज्ञ यांच्याबरोबर धनुर्धर, चित्रकार, गणिका आणि राजसेवकही आहेत. ज्याने जे जीवनात जाणले आहे, त्या बाबतीत त्याचे मत प्रमाण, असे या योजनेमागील सूत्र दिसते. आजच्या परिभाषेत सांगायचे तर शेतीच्या दृश्याविषयी शेतकऱ्याचे, रुग्णालयाच्या दृश्याविषयी परिचारिकेचे आणि न्यायालयाच्या दृश्याविषयी तारखांना कंटाळलेल्या पक्षकाराचे मत समीक्षकाने ऐकले पाहिजे. ‘नांगर असा धरतात का?’ हा शेरा क्षुल्लक नाही. तो प्राश्निकाचा शेरा आहे.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांची जी विस्तृत चर्चा केली आहे, तिच्या प्रकाशात पाहता सामान्य प्रेक्षक बहुतांशी लौकिकतावादी ठरतो. ‘खरे वाटते’, ‘आपल्याच घरात घडल्यासारखे वाटते’ हे त्याचे सर्वोच्च प्रशस्तिपत्र असते. मात्र तोच प्रेक्षक एकाच ठोशात दहा गुंडांना लोळविणारा नायक आनंदाने स्वीकारतो. म्हणजे त्याचा वास्तवाचा निकष चित्रपटाच्या जातकुळीनुसार बदलतो. ही लवचीकता सूत्रबद्ध मांडलेली नसली तरी ती विचारशून्य नाही.

‘माहेरची साडी’ ते ‘बाईपण भारी देवा’

विजय कोंडके दिग्दर्शित ‘माहेरची साडी’ (१९९१) या चित्रपटाची ‘रडका सिनेमा’ म्हणून पुष्कळ थट्टा झाली. तथापि स्त्री-प्रेक्षकांनी तो एकमेकींना सांगून, परस्परांना सोबत घेऊन पाहिला. सासरचा छळ सोसणाऱ्या सुनेची कथा अतिरंजित आहे, हा आक्षेप कलादृष्ट्या रास्त आहे. पण ‘खूप रडले’ हा अभिप्राय देणारी स्त्री केवळ पडद्यावरील लक्ष्मीविषयी बोलत नव्हती. स्वतःविषयी जे उघड बोलता येत नव्हते ते सांगण्याची सोय तिला या वाक्याने मिळत होती. ‘जय संतोषी माँ’ (१९७५) पाहताना चपला काढून बसणाऱ्या, पडद्यावरील देवीची पूजा करणाऱ्या प्रेक्षकांच्या बाबतीतही चित्रपट हा निव्वळ कलाकृती उरला नव्हता.

केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) या चित्रपटाच्या वेळी हेच चित्र नव्या रूपात दिसले. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा असे कथानक असलेला हा चित्रपट पाहण्यासाठी स्त्रियांचे गट नटूनथटून, नऊवारी नेसून चित्रपटगृहांत गेले. येथे अभिप्रायाचे रूप ‘चांगला आहे’ एवढ्यावर न थांबता ‘आपण सगळ्या मिळून जाऊ’ असे झाले. बत्तीस वर्षांच्या अंतराने अश्रूंची जागा खेळाने घेतली. दोन्ही प्रसंगी पटकथेतील उणिवा दाखविणारी समीक्षा चूक नव्हती. मात्र एवढ्या स्त्रियांना एकत्र येण्यासाठी चित्रपटाचे निमित्त का लागावे, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला. तोंडी अभिप्राय नीट ऐकला तर तो प्रश्न समोर येतो.

‘सैराट’ आणि ‘शेवट असा नको होता’

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि ‘झिंगाट’ या गाण्यावर चित्रपटगृहांत प्रेक्षक नाचले. भरताच्या परिभाषेत ही उघड मानुषी सिद्धी होती. याच चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यात रक्ताची पावले उमटवीत बाहेर येणारे मूल दिसते आणि ध्वनी थांबतो. ज्या प्रेक्षागृहाने गोंगाट केला त्याच प्रेक्षागृहाची ही शांतता होती. दोन्ही सिद्धी एकाच प्रयोगात साधणे हे या चित्रपटाच्या रचनेचे मोठे यश होय.

अशा शेवटानंतर स्वाभाविकपणे उमटणारा अभिप्राय म्हणजे ‘सगळे छान, पण शेवट असा नको होता’. या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. पहिल्या अर्थाने ते चित्रपटाच्या परिणामाची कबुली आहे. आर्ची आणि परशा यांच्यावर प्रेक्षकाने इतका जीव लावला की त्यांचा मृत्यू त्याला सोसवत नाही. दुसऱ्या अर्थाने ते एक पळवाट आहे. शेवट दिग्दर्शकाने ‘केला’ असे म्हटले की तो समाजाने केला, हे म्हणावे लागत नाही. अभिप्रायात गाणी येतात, बुलेट येते, ट्रॅक्टर येतो, दिग्दर्शकावरचा रागही येतो. ज्या कारणासाठी ते दोघे मारले गेले तो ‘जात’ हा शब्द मात्र अनेकदा येत नाही. याच ठिकाणी समीक्षेचे काम सुरू होते. प्रेक्षकाचे वाक्य खोडून काढणे हे तिचे काम नव्हे. त्या वाक्यात काय बोलले गेले आणि काय टाळले गेले, हे दाखविणे हे तिचे काम होय. ‘फँड्री’च्या (२०१४) अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजेच प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तेथे अशी पळवाट दिग्दर्शकाने ठेवलेली नाही.

तोंडी अभिप्रायाच्या मर्यादा

तोंडी अभिप्रायाची पहिली मर्यादा काळाची आहे. तो ताजा असतो आणि ताजेपणातच संपतो. ‘शोले’ (१९७५) या चित्रपटाचे प्रारंभी फारसे उत्साहाने स्वागत झाले नव्हते. प्रेक्षकांच्या बोलण्यातून तो वाढला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. येथे प्रेक्षक परीक्षकांच्या पुढे होता. याउलट गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ला (१९५९) प्रेक्षकांनी नाकारले. त्याचे मोल पुढे अभ्यासकांनी आणि नंतरच्या पिढ्यांनी ओळखले. अरुण खोपकर यांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक प्रकाश, छाया, हालचाल आणि गीत यांचा जो सूक्ष्म विचार करते, तो पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय शक्य नसतो. एकदा पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

दुसरी मर्यादा शब्दसंग्रहाची आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. २०१५ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. अशा चित्रपटाविषयी ‘फार संथ आहे’ हा अभिप्राय सहज दिला जातो. तो चुकीचा नाही. चित्रपट संथ आहेच. वृद्ध लोकशाहिरावरील खटला तारखांमागून तारखा पुढे सरकतो, कॅमेरा स्थिर राहतो, सरकारी वकील असलेली स्त्री घरी जाऊन स्वयंपाक करते, आणि अखेरीस सहलीला गेलेले न्यायाधीश झोपमोड करणाऱ्या मुलांपैकी एकाला थप्पड मारतात. प्रेक्षकाला येणारा कंटाळा हा न्यायप्रक्रियेच्या अनुभवाचाच भाग आहे. प्रेक्षकाने लक्षण अचूक टिपलेले असते. फक्त ते दोष म्हणून नोंदविलेले असते. ‘संथ का आहे?’ एवढा एक प्रश्न विचारला गेला तर तोच अभिप्राय समीक्षेचा आरंभ ठरू शकतो.

तिसरी मर्यादा समूहाच्या दडपणाची होय. सर्वांना आवडलेल्या चित्रपटाविषयी ‘मला नाही आवडला’ म्हणणे अवघड असते. अशा वेळी मत हे मत न राहता आपण कोणत्या गटाचे आहोत याची खूण बनते.

अध्यापनाच्या दृष्टीने

अनेक भाषा विभागांत साहित्यकृतीचे माध्यमांतर किंवा चित्रपट आस्वाद हा घटक शिकविला जातो. या घटकावरील उत्तरपत्रिकांत ‘दिग्दर्शन प्रभावी आहे, छायाचित्रण नेत्रसुखद आहे, संगीत श्रवणीय आहे’ अशी साचेबद्ध वाक्ये आढळतात. त्या चित्रपटाचे नाव बदलले तरी ही वाक्ये जशीच्या तशी चालतील. तोच विद्यार्थी कँटीनमध्ये ‘हिरोची आई गरीब दाखवली आहे, पण तिच्या साडीला एक सुरकुती नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो वेशभूषा, वास्तव आणि वर्ग यांविषयी एकाच वाक्यात बोलत असतो. वर्गाच्या दारात हे वाक्य गळून पडते आणि उत्तरपत्रिकेत ‘वेशभूषा साजेशी आहे’ एवढेच उरते. शिक्षणाने विद्यार्थ्याला नवी दृष्टी देण्याऐवजी असलेली दृष्टी झाकून ठेवण्यास शिकविले, असाच याचा अर्थ होतो.

यावरील उपाय खर्चिक नाही. चित्रपट दाखविल्यानंतर परिभाषा देण्यापूर्वी विद्यार्थ्यांचे तोंडी अभिप्राय त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्यावेत, प्रत्येक अभिप्रायातील निर्णय, कारण आणि सल्ला वेगळे करावेत आणि त्यानंतर ‘का?’ हा प्रश्न विचारावा. ‘पडतो’, ‘संथ आहे’, ‘खरे वाटते’ या शब्दांतूनच पटकथेची रचना, लय आणि वास्तवाभास या संकल्पनांकडे जाता येते. एकाच चित्रपटाविषयी वेगवेगळ्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांची मते वेगळी का, या चर्चेतून समाजशास्त्राचा अभ्यासकही या विषयाशी जोडला जाऊ शकतो.

निष्कर्ष

१) सामान्य प्रेक्षकाचा तोंडी अभिप्राय हा समीक्षेचा स्वतंत्र प्रकार असून ओळखीच्या श्रोत्याला दिलेला सल्ला हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय.

२) प्रेक्षकाच्या प्रतिसादाला आणि जीवनानुभवातून आलेल्या त्याच्या अधिकाराला ‘नाट्यशास्त्रा’तील सिद्धी व प्राश्निक या संकल्पनांचा आधार मिळतो.

३) प्रेक्षकाच्या अभिप्रायात जे बोलले जाते त्याइतकेच जे टाळले जाते तेही अर्थपूर्ण असते. ‘सैराट’विषयीचा अभिप्राय हे त्याचे ठळक उदाहरण होय.

४) काळ, शब्दसंग्रह आणि समूहाचे दडपण या तोंडी अभिप्रायाच्या मर्यादा आहेत. त्या भरून काढण्यासाठी अभ्यासपूर्ण समीक्षेची गरज राहतेच.

५) महाविद्यालयीन अध्यापनात विद्यार्थ्याच्या उत्स्फूर्त अभिप्रायापासून आरंभ केल्यास समीक्षेची परिभाषा पाठांतराचा विषय न राहता विचाराचे साधन बनू शकते. ‘कसा आहे सिनेमा?’ या प्रश्नाला वर्गात स्थान मिळाले, तर त्याच्या उत्तराबरोबर उत्तर देणाराही घडत जाईल.