शुभवर्तमानांतील संवाद : ऐतिहासिक विश्वसनीयतेचा प्रश्न

मँचेस्टर येथील जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा जतन केलेला आहे. त्याची उंची सुमारे नऊ सेंटिमीटर व रुंदी सहा सेंटिमीटर आहे. बर्नार्ड ग्रेनफेल यांनी तो १९२० मध्ये इजिप्तमध्ये विकत घेतला आणि सी. एच. रॉबर्ट्स यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. नव्या कराराच्या उपलब्ध हस्तलिखितांपैकी सर्वांत जुन्यांत त्याची गणना होते. रॉबर्ट्स यांनी त्याचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध असा ठरविला होता. अलीकडील अभ्यासक, विशेषतः ब्रेंट नोंगब्री (२००५), ही मर्यादा दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत किंवा त्याही पुढे नेतात. या तुकड्याच्या दोन्ही बाजूंवर योहानाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायाच्या काही ओळी आहेत. त्या ओळी येशू आणि रोमन सुभेदार पिलात यांच्यातील संवादाच्या आहेत.

हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. ज्या मजकुराचा पुरावा इतका जुना, तो मजकूर म्हणजे ज्याला साक्षीदार दाखविता येत नाही असा एक संवाद आहे. हस्तलिखिताच्या प्राचीनतेवरून एवढेच सिद्ध होते की हा संवाद त्या काळी लिहिलेला होता व इजिप्तपर्यंत पोहोचला होता. तो त्याच शब्दांत घडला होता काय, हा प्रश्न वेगळा आहे. लोकप्रिय धर्मसमर्थनपर ग्रंथांत या दोन प्रश्नांची सरमिसळ इतक्या वेळा होते की त्यांतील भेद आरंभीच नोंदविणे आवश्यक ठरते.

या विषयाची चर्चा बहुधा दोन टोकांवरून होते. श्रद्धावान वाचक शब्दप्रामाण्य गृहीत धरतो; त्याच्या लेखी ग्रंथातील प्रत्येक उद्गार हा उच्चारलेला उद्गार असतो. संशयवादी वाचक एका संवादातील विसंगती दाखवितो आणि सर्वच संवाद कल्पित ठरवितो. दोघांचे निष्कर्ष विरुद्ध असले तरी गृहीतक एकच आहे : सर्व संवादांची जात एक. वस्तुतः तसे नाही. काही प्रसंगी ऐकणारा हजर होता, काही प्रसंगी नव्हता. काही उद्गार मूळ भाषेच्या ध्वनीसह टिकले, तर काही संवाद केवळ ग्रीक भाषेतच संभवतात. प्रत्येक संवाद स्वतंत्रपणे तपासल्याखेरीज विश्वसनीयतेविषयी बोलणे व्यर्थ होय.

बंद दारामागील संवाद

पिलातासमोरील चौकशीचे वृत्तांत चारही शुभवर्तमानांत येतात. मार्काच्या वृत्तांतात येशू यहुद्यांच्या राजेपणाविषयीच्या प्रश्नाला अत्यंत त्रोटक उत्तर देतो आणि नंतर काहीच बोलत नाही. त्या मौनाचे पिलाताला आश्चर्य वाटते. मत्तयात हेच आहे, किंबहुना तेथे मौन अधिक ठळक केलेले आहे. लूकाच्या वृत्तांतातही पिलाताला एकच उत्तर मिळते, आणि पुढे हेरोदासमोर येशू गप्प राहतो. योहानात मात्र राज्य, सत्य आणि सत्ता या विषयांवर दीर्घ संभाषण होते. मौनाचा उल्लेख तेथेही आहे, पण तो संभाषणाच्या मध्यभागी आणि क्षणापुरता.

योहानाने आपल्या कथनाची रचना ज्या रीतीने केली आहे, तिच्यामुळे अडचण वाढते. वल्हांडणाच्या भोजनापूर्वी विटाळ होऊ नये म्हणून आरोप करणारे लोक सरकारवाड्याच्या आत जात नाहीत, असे तो स्वतःच सांगतो. पिलात आत-बाहेर ये-जा करतो. बाहेरचे बोलणे जमावाने ऐकलेले आहे. आतले बोलणे पिलात, बंदी आणि फार तर शिपाई यांनी. प्रमुख याजकाच्या ओळखीचा एक शिष्य याजकाच्या वाड्याच्या अंगणापर्यंत पोहोचला होता, असे याच अध्यायात म्हटले आहे. सुभेदाराच्या दालनात तो होता असे कोठेही म्हटलेले नाही. एखाद्या शिपायाने नंतर सांगितले असेल, पुनरुत्थानानंतर येशूनेच शिष्यांना सांगितले असेल, अशी उत्तरे परंपरेने दिली जातात. ती अशक्य नाहीत. पण त्यांना मजकुरात आधार नाही. शक्यता म्हणजे पुरावा नव्हे, हा इतिहासलेखनातील प्राथमिक धडा येथे मोडला जातो.

संवाद कोणत्या भाषेत झाला, याविषयीही ग्रंथ काही सांगत नाही. रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात कारभाराची सामान्य भाषा ग्रीक होती, तर गालीलातील सामान्य माणसाची भाषा अरामी. दुभाष्या होता काय? असल्यास सत्याविषयीचा तो प्रसिद्ध प्रश्न कोणत्या शब्दात विचारला गेला? या प्रश्नांना उत्तर नाही. दुसरीकडे, चौकशी झालीच नाही असे मात्र यातून निष्पन्न होत नाही. पिलात हा कल्पित पुरुष नाही. १९६१ मध्ये कैसरिया येथे सापडलेल्या शिलालेखात त्याचे नाव व पद कोरलेले आहे. रोमन अधिकाऱ्याच्या हुकुमाने, राजेपणाच्या आरोपावरून वधस्तंभाची शिक्षा झाली, हे बहुतेक सर्व इतिहासकार मान्य करतात. प्रसंग भक्कम, संभाषण दुर्बल : योहानाच्या अठराव्या अध्यायाचे हेच स्वरूप आहे.

शब्दावरील श्लेष आणि अवतरणचिन्हांचा प्रश्न

योहानाच्या तिसऱ्या अध्यायातील निकदेमाचा संवाद दुसऱ्या प्रकारची अडचण दाखवितो. येथे सारे संभाषण 'आनोथेन' या ग्रीक शब्दावर फिरते. त्याचे अर्थ दोन : 'वरून' आणि 'पुन्हा'. येशू वरून होणाऱ्या जन्माविषयी बोलतो, निकदेम पुन्हा जन्मणे असा अर्थ घेतो आणि म्हाताऱ्या माणसाने आईच्या उदरात कसे शिरावे असे विचारतो. गैरसमज हाच संवादाचा प्राण आहे. यरुशलेमेतील दोन यहुदी गुरूंचे बोलणे अरामीत वा हिब्रूत झाले असेल, तर हा श्लेष त्यांना उपलब्ध नव्हता, असे बरेच अभ्यासक मानतात. मराठी भाषांतरकारालाही तो उपलब्ध नाही. त्याला एक अर्थ मजकुरात घ्यावा लागतो आणि दुसरा तळटीपेत ढकलावा लागतो. ग्रीकमधून मराठीत येताना जे हरवते, ते अरामीतून ग्रीकमध्ये जाताना निर्माण झाले असावे, हे या एका शब्दाच्या प्रवासावरून ध्यानात येते.

याच अध्यायात येशूचे बोलणे कोठे संपते, याविषयीही एकमत नाही. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नव्हती. काही भाषांतरे पंधराव्या ओवीनंतर अवतरण संपवितात, काही एकविसाव्या ओवीनंतर. म्हणजे ख्रिस्ती जगात जे वचन कदाचित सर्वांत अधिक पाठ केले जाते, ते सोळावे वचन येशूचे की शुभवर्तमानकाराचे, हेही निश्चित नाही. 'बोललेले शब्द' आणि 'लेखकाचे शब्द' यांतील आजची काटेकोर सीमारेषा मुद्रणयुगाची देणगी आहे. मराठीतही ही चिन्हे छापखान्यासोबत रुळली. ती रेषा पहिल्या शतकातील ग्रंथावर मागाहून ओढणे आणि मग लेखकाने ती ओलांडली म्हणून त्याला दोष देणे न्याय्य नव्हे.

एकाच लेखकाची तीन कथने

लूकाने लिहिलेल्या मानल्या जाणाऱ्या 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पौलाच्या परिवर्तनाची कथा तीनदा येते : नवव्या, बाविसाव्या आणि सव्विसाव्या अध्यायात. तिन्ही ठिकाणी दिमिष्काच्या वाटेवरील वाणी व पौल यांच्यातील संवाद आहे. विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा पुरावा नाही, कारण येथे दोन ग्रंथांची नव्हे, तर एकाच ग्रंथातील एकाच लेखकाची तुलना करता येते.

सव्विसाव्या अध्यायातील कथनात वाणी पराणीवर लाथ मारण्याची म्हण वापरते. पहिल्या दोन कथनांच्या मूळ पाठात ती नाही. वाणी इब्री भाषेत बोलली असे तेथे स्पष्ट म्हटले आहे, आणि म्हण मात्र ग्रीक नाट्यवाङ्मयात परिचित असलेली : एस्किलस व युरिपिडीझ या दोघांच्याही नाटकांत ती आढळते. श्रोता आहे ग्रीक संस्काराचा अग्रिप्पा राजा. नवव्या अध्यायात पौलाच्या कार्याविषयीची आज्ञा हनन्याला मिळते; बाविसाव्यात हनन्या ती पौलाला सांगतो; सव्विसाव्यात हनन्याचा पत्ताच नाही, सारी आज्ञा वाणीच वाटेवर देते. सोबत्यांनी वाणी ऐकली असे एकदा म्हटले आहे, ऐकली नाही असे दुसऱ्यांदा. या शेवटच्या विसंगतीचा परिहार ग्रीक क्रियापदाला जोडलेल्या विभक्तीच्या भेदाने करण्याचा प्रयत्न झाला आहे. तो व्याकरणदृष्ट्या चतुर असला तरी हनन्याच्या अनुपस्थितीला लागू पडत नाही.

लेखकाला ही विसंगती दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. त्याला ती विसंगती वाटलीच नाही, हे अधिक संभवनीय. प्रसंग, त्याचा अर्थ आणि त्याचा परिणाम यांच्याशी तो प्रामाणिक होता. शब्द श्रोत्यानुसार बदलणे त्याच्या दृष्टीने अप्रामाणिकपणाचे नव्हते. थ्यूसिडिडीझने आपल्या इतिहासाच्या पहिल्याच ग्रंथात भाषणांविषयी अशीच भूमिका घेतली होती : नेमके शब्द लक्षात ठेवणे अवघड, म्हणून प्रत्यक्ष बोलण्याच्या सर्वसाधारण आशयाला धरून प्रसंगोचित भाषण रचावयाचे. जोसीफसने हेरोदाचे एकच भाषण आपल्या दोन ग्रंथांत दोन वेगळ्या रीतींनी दिले आहे. मार्टिन डिबेलिअस यांनी 'प्रेषितांची कृत्ये'मधील भाषणांचा विचार याच लेखनपरंपरेच्या संदर्भात केला. तो मार्ग आजही टाळता येत नाही. मात्र येथे एक अट सांगणे प्राप्त आहे. परंपरेने लेखकाला रचनेची मुभा दिली, याचा अर्थ प्रत्येक रचनेखाली आशयाचा पाया होता असा नाही. गमलियेलाच्या भाषणात थुदासाच्या बंडाचा दाखला येतो. जोसीफसच्या मते ते बंड इसवी सन ४४ नंतरचे, म्हणजे भाषणाच्या काळाहून कित्येक वर्षांनी पुढचे. त्या नावाचा दुसरा बंडखोर असावा हे उत्तर दिले जाते, पण दुसऱ्या थुदासाची अन्यत्र नोंद नाही.

स्मृतीची कसोटी

शब्द चुकूनही साक्ष खरी असू शकते काय? या प्रश्नाला एक आधुनिक उदाहरण उपयुक्त ठरते. वॉटरगेट प्रकरणात जॉन डीन यांनी १९७३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याशी झालेल्या संभाषणांची तपशीलवार साक्ष दिली. पुढे त्या संभाषणांच्या ध्वनिफिती उघड झाल्या. मानसशास्त्रज्ञ अल्रिक नायसर यांनी १९८१ मध्ये साक्ष आणि ध्वनिफीत यांची तुलना केली. १५ सप्टेंबर १९७२ च्या बैठकीविषयी डीन यांनी सांगितलेले बोलणे जवळजवळ कोणीच तसे बोललेले नव्हते. तरीही साक्षीचे सार खरे होते : गुन्हा दडपला जात होता आणि अध्यक्षाला ते ठाऊक होते.

पेत्राने येशूला नाकारल्याचा प्रसंग या उदाहरणाच्या जवळ जातो. दुसऱ्यांदा त्याला कोणी हटकले? मार्कात तीच दासी, मत्तयात दुसरी दासी, लूकात एक पुरुष, योहानात घोळका. शब्दही वेगवेगळे आहेत. पण तीनदा नाकारणे आणि कोंबडा आरवणे चौघांतही आहे. ज्याला प्रमुख प्रेषित मानले त्याची ही लाजिरवाणी कथा नंतरच्या मंडळीने रचली असण्याची शक्यता कमी. शिवाय ती सांगू शकणारा माणूस, म्हणजे पेत्र, अंगणात हजर होता. मार्काने पेत्राच्या आठवणी लिहिल्या असे दुसऱ्या शतकाच्या आरंभी पापियासने म्हटल्याचे युसेबिअसने नोंदविले आहे. ती नोंद संपूर्ण स्वीकारली नाही तरी येथे साक्षीची वाट दिसते. पिलाताच्या दालनात ती दिसत नाही. डीन खोलीत होते. म्हणूनच त्यांचे सार टिकले.

१९८५ मध्ये स्थापन झालेल्या 'जीझस सेमिनार' या अभ्यासगटाने येशूच्या वचनांवर रंगीत मण्यांनी मतदान केले आणि सुमारे अठरा टक्के वचनेच अस्सल ठरविली. पद्धतीची प्रसिद्धी बरीच झाली. पण वचन सुटे काढून त्याचा रंग ठरविताना ते कोणी ऐकले, कोणत्या भाषेत आणि कोणत्या प्रसंगी, हे प्रश्न मागे पडतात. 'तलीथा कूम' हे मार्काने अरामीत राखलेले दोन शब्द, अर्थासह दिलेले आणि आजारी मुलीच्या खोलीत तीन नामनिर्दिष्ट शिष्यांनी ऐकलेले, मण्यांच्या हिशेबात एक क्षुल्लक उद्गार ठरतात. संवादाच्या इतिहासात त्यांचे मोल मोठे आहे.

एका उद्गाराची किंमत

हा सारा विचार केवळ ग्रंथालयापुरता नाही. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पिलात हात धुतो आणि सगळे लोक येशूच्या रक्ताचा दोष आपल्यावर व आपल्या मुलाबाळांवर ओढवून घेतात. अन्य तिन्ही शुभवर्तमानांत हा उद्गार नाही. फिलोने वर्णिलेला पिलात हट्टी व क्रूर आहे. येथे तो निरुपाय झालेला न्यायी माणूस दिसतो. इसवी सन ७० मधील यरुशलेमेच्या विध्वंसानंतर, मंडळी व सभास्थान यांच्यातील कलहाच्या काळात हा वृत्तांत लिहिला गेला असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. संपूर्ण जमावाने एका स्वरात उच्चारलेले वाक्य हे लिहिणाऱ्याचे भाष्य आहे, वृत्त नव्हे, असे मानण्यास सबळ कारणे आहेत. तरीही शतकानुशतके ते कबुलीजबाब म्हणून वाचले गेले आणि युरोपातील यहुद्यांवर त्याचा आरोप म्हणून वापर झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी येशूच्या मृत्यूचा दोष तत्कालीन सर्व यहुद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहुद्यांवर, ठेवता येणार नाही असे घोषित केले. वचन मात्र ग्रंथात आहे तसेच राहिले.

बव्हेरियातील ओबरआमरगाउ गावच्या दुःखसहन-नाट्यातून हा उद्गार २००० च्या प्रयोगात वगळण्यात आला. २००४ मध्ये मेल गिब्सन यांचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्यातील पात्रे अरामी व लॅटिन बोलत होती, संवाद प्रत्यक्षात कसे झाले असतील ते ऐकविण्याच्या दाव्यासह. त्या चित्रपटात हा उद्गार अरामीत ऐकू येतो. पडद्याच्या तळाशी त्याचे भाषांतर दिलेले नाही.