सुवर्ण गुणोत्तर आणि ग्रीक देव : एका लाडक्या समजुतीची तपासणी

सुवर्ण गुणोत्तर ग्रीकांना देवांकडून मिळालं आणि म्हणून अथेनाचं पार्थेनॉन त्याच मापात उभं राहिलं, ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकतो की ती तपासावी असं वाटतच नाही. आज तपासू.

आधी नावच घ्या. 'सुवर्ण छेद' हा शब्द मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या १८३५ सालच्या पुस्तकात येतो. युक्लिड इ.स.पू. ३००च्या सुमारास एवढंच म्हणतो, की रेषेचे दोन भाग असे करा, की पूर्ण रेषेचं मोठ्या भागाशी जे नातं तेच मोठ्याचं लहानाशी. यात सोनं नाही, देव तर नाहीच. 'फाय' हे चिन्ह फिडियस या शिल्पकाराच्या नावावरून घेतलं, तेही विसाव्या शतकात. म्हणजे गाठ आपणच बांधली आणि ती सापडली म्हणून टाळ्याही आपणच वाजवल्या! पार्थेनॉनच्या चौथऱ्याची लांबी-रुंदी ९:४, म्हणजे २.२५. १.६१८ कुठे आहे? दर्शनी भागावर तो प्रसिद्ध आयत बसवतात खरा, पण रेघ कुठून ओढायची हे बसवणाराच ठरवतो.

मग पुराणकथेशी नातं नाहीच का? आहे, आणि ते या भाकडकथेपेक्षा फार खोल आहे. पायथागोरसचे अनुयायी पंचकोनी तारा खूण म्हणून वापरत आणि त्याला 'हायजिया' म्हणत, असं लुसियन सांगतो. हायजिया ही आरोग्याची देवता, अस्क्लेपियसची मुलगी. आता त्या ताऱ्यात पाहा : पंचकोनाचा कर्ण आणि बाजू यांचं गुणोत्तर तेच, १.६१८. कर्ण काढले की आत छोटा पंचकोन, त्यात आणखी छोटा, शेवट नाही. म्हणजे दोघांना मोजणारं समान माप नाहीच. सगळं विश्व संख्यांचं मानणाऱ्यांच्या खुणेतच हे दडलेलं!

इथे हिपॅसस येतो. त्याच्यानंतर सातशेहून अधिक वर्षांनी इयाम्ब्लिकस लिहितो, की बारा पंचकोनांचा घन त्याने उघड केला म्हणून तो समुद्रात बुडाला. अपरिमेयाचं गुपित फोडणाऱ्याची हीच गत झाली असं काहीजण म्हणत, तेही तो नोंदवतो. आम्ही हा इतिहास मानत नाही. पण कथा म्हणून ती खरी बोलते, कारण ग्रीकमध्ये 'लोगोस' म्हणजे गुणोत्तर आणि वाणीही. 'अलोगोस' म्हणजे ज्याचं गुणोत्तर नाही ते, आणि जे बोलता येत नाही तेही.