युनिक्स प्रणालीतील पॅच-साधनांची निवड : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

सॉफ्टवेअरमध्ये दोष राहणे जितके स्वाभाविक, तितकेच तो दोष दूर करताना नवा दोष शिरणेही शक्य असते. पॅच-साधनांच्या चर्चेत या दुसऱ्या शक्यतेकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. साधन किती वेगाने चालते, एकाच वेळी किती यंत्रे हाताळते, प्रशासकाचे किती श्रम वाचवते, याच कसोट्यांवर त्याचे मूल्यमापन होते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने सोलारिस प्रणालीच्या आधारे या कसोट्यांची चिकित्सा केली आहे. पॅच बसवण्याची सोय हा निवडीचा दुय्यम निकष असून माघारीची खात्री हा पहिला निकष होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पूर्वपीठिका

‘पॅच’ म्हणजे ठिगळ. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये याच नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. दोन आवृत्त्यांमधील फरक नोंदवणारी फाइल वाचून तो सोर्स कोडमध्ये तेवढेच बदल करीत असे. जो भाग बसत नसे, तो नाकारलेला भाग म्हणून वेगळ्या फाइलमध्ये ठेवला जाई. एवढेच नव्हे, तर केलेला बदल उलट दिशेने काढूनही टाकता येत असे. आपले अपयश न लपवणे आणि माघारीची वाट मोकळी ठेवणे, हे दोन गुण या लहानशा साधनात होते. पुढील काळातील मोठ्या साधनांची परीक्षा याच दोन गुणांवर करणे उचित ठरते.

सोलारिसचा अनुभव

सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिसमध्ये प्रत्येक पॅचला सहा अंकी क्रमांक आणि त्यापुढे दोन अंकी आवृत्ती असे. ‘पॅचअ‍ॅड’ ही आज्ञा जुन्या फाइली जतन करून नव्या बसवी, तर ‘पॅचआरएम’ जुन्या फाइली परत आणी. मात्र डिस्कवरील जागा वाचवण्यासाठी जुन्या फाइली जतन न करण्याचाही पर्याय होता. तो स्वीकारला की परतीचा मार्ग बंद होई. शिवाय बदल चालू प्रणालीवरच होत असल्याने मध्येच काही बिघडल्यास प्रणाली अर्धवट अवस्थेत अडकण्याचा धोका राहत असे. २००५ मध्ये आलेल्या सोलारिस १० मध्ये ‘झोन’ ही संकल्पना आली आणि झोनांच्या संख्येबरोबर पॅच बसवण्याचा वेळही वाढत गेला.

कोणते पॅच हवेत, हे ठरवण्यासाठी सनचे ‘एसएमपॅच’ होते. त्याला पर्याय म्हणून पर्ल भाषेत लिहिलेली ‘पीसीए’ ही स्वतंत्र स्क्रिप्ट उपलब्ध होती. या दोहोंची तुलना करताना एक मूलभूत बाब ध्यानात घ्यावी लागते. दोन्ही साधने ‘काय बसवावे’ या प्रश्नाचे उत्तर देत. प्रत्यक्ष बसवण्याचे काम अखेर पॅचअ‍ॅडच करी. त्यामुळे यादी कितीही अचूक असली तरी सुरक्षिततेचा प्रश्न अनुत्तरितच राहत असे.

त्याचे उत्तर ‘लाइव्ह अपग्रेड’ या तिसऱ्या साधनात होते. चालू प्रणालीची प्रत दुसऱ्या जागी करावयाची, पॅच त्या प्रतीवर बसवावयाचे आणि मग तिच्यावरून यंत्र सुरू करावयाचे. बिघाड झाल्यास जुनी प्रत तशीच शाबूत असे. यासाठी जादा डिस्क आणि काळजीपूर्वक पूर्वतयारी लागे, म्हणून हे साधन अवजड मानले गेले. पुढे झेडएफएस फाइल प्रणालीमुळे अशी प्रत घेणे स्वस्त झाले. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली आणि २०११ च्या सोलारिस ११ मध्ये जुनी पॅच-पद्धतीच संपुष्टात आली. तिची जागा ‘आयपीएस’ या पॅकेज व्यवस्थेने घेतली. अवजड ठरवलेली कल्पनाच तिचा पाया बनली, हे लक्षणीय आहे.

आयबीएमच्या एआयएक्समध्ये हाच विवेक वेगळ्या रूपात दिसतो. तेथे बदल प्रथम ‘अप्लाय’ होतो आणि खात्री पटल्यावर ‘कमिट’ केला जातो. ‘कमिट’पूर्वी तो नाकारता येतो. तात्पुरता स्वीकार आणि कायमचा स्वीकार यांतील भेद येथे साधनाच्या परिभाषेतच रुजलेला आहे.

एक आक्षेप

स्वयंचलित साधनांचे समर्थक म्हणतील की, विलंब हाच मोठा धोका आहे. उघड झालेला दोष दुरुस्त न करणे म्हणजे दार उघडे ठेवणे होय. हा आक्षेप सबळ आहे. परंतु विलंब का होतो, हेही पाहावयास हवे. प्रशासक पॅच पुढे ढकलतो तो बहुधा आळसामुळे नव्हे, तर भीतीमुळे. ज्या संस्थेत एकच सर्व्हर आहे आणि परीक्षणासाठी दुसरे यंत्र नाही, तेथे ही भीती रास्तच होय. माघार निश्चित असेल तर पाऊल लवकर उचलले जाते. म्हणजेच वेग आणि सावधपणा हे येथे परस्परविरोधी नाहीत.

मर्यादा

तथापि, माघारीलाही सीमा आहेत. प्रणाली मागे नेता येते. दरम्यान बदललेला डेटा तसा मागे जात नाही. झेडएफएसच्या साठ्याची आवृत्ती वाढवली, तर ती ओळखू न शकणारी जुनी प्रत सुरूच होत नाही. तसेच ‘पॅच बसला’ हा संदेश म्हणजे दोष गेला असेही नव्हे. २०१४ मधील ‘हार्टब्लीड’ प्रकरणात ओपनएसएसएल बदलल्यानंतरही आधीपासून चालू असलेल्या सेवा पुन्हा सुरू करणे भाग होते. गुप्त किल्ल्या फुटल्याची शक्यता असल्याने त्याही बदलाव्या लागल्या. २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये आलेल्या ‘लाइव्ह पॅचिंग’मुळे यंत्र बंद न करता कर्नल दुरुस्त करता येऊ लागला, पण ती सोय कर्नलपुरतीच आहे. २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरणात तर अधिकृत प्रकाशनातूनच घातक कोड आला. बसवण्याचे साधन कितीही निर्दोष असले तरी ठिगळच विषारी असेल, तर ते काय करणार?

समारोप

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम निश्चित करता येतो. साधन अपयश स्पष्टपणे सांगते का, पूर्वस्थितीत परत नेते का, पॅचचा उगम पडताळते का आणि मग ते सोयीचे आहे का, या क्रमाने प्रश्न विचारले पाहिजेत. प्रचलित मूल्यमापन याच्या नेमके उलट्या क्रमाने चालते. सोयीची उणीव रोज जाणवते, माघारीची उणीव एखाद्याच दिवशी. परंतु त्या एका दिवशी संस्थेचे संपूर्ण कामकाज पणाला लागलेले असते.